डिस्क शून्य, डिस्क एक

सरांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला एकोणीस मिनिटे लागत. हा अंदाज नव्हे. एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने 'वीसेक मिनिटं' म्हणणे म्हणजे सुताराने 'चौकोनीसं' टेबल करून देण्यासारखे आहे. सरांनी त्याचा रीतसर आलेख ठेवला होता. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर मिनिटे. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा दीड मिनिट, पाचव्या वर्षी चार, दहाव्या वर्षी अकरा, आणि आता चौदाव्या वर्षी एकोणीस. रेषा ज्या ऐटीत वर चढत होती ती पाहता आणखी काही वर्षांनी सकाळी बटण दाबले असते तर पडदा दुपारच्या चहाला उजळला असता.

सरांची स्वतःची याबद्दल तक्रार नव्हती. बटण दाबून ते दाढी करत, झाडांना पाणी घालत, वर्तमानपत्रातले कोडे सोडवत. तोवर मशीन आतल्या आत कुरकुर करत जागे होत असे. म्हाताऱ्या माणसाला कुणी गदागदा हलवून उठवू नये, तसेच मशीनलाही उठवू नये, असे त्यांचे मत होते. अडचण आली ती नव्या बाईंमुळे.

नव्या बाई म्हणजे सरांच्या जागी शाळेत गणित शिकवायला आलेल्या शिक्षिका. त्यांना येऊन सात वर्षे झाली होती, तरी त्या नव्याच होत्या. कारण सर जुने होते आणि अजून गावातच होते. या बाईंना सरांचे 'चुकांचे दप्तर' हवे होते.

हे दप्तर काय ते सांगायला हवे. वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर चुकले, तर सर त्याला ते खोडू देत नसत. मुलाशेजारी बाकावर बसत आणि म्हणत, "हे कसं काढलंस, मला सांग." मूल घाबरत घाबरत सांगे, आणि मग कळे की पोराने अक्कल गहाण ठेवलेली नाही, उलट चांगली वापरली आहे, फक्त भलत्या रस्त्याला. पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार हे दोनापेक्षा मोठे. बेचाळीसमधून सत्तावीस गेले तर उरतात पंचवीस, कारण 'मोठ्यातून लहान वजा करायचं' असे सरांनीच सांगितलेले असते, आणि सातातून दोन वजा होतात, दोनातून सात नव्हे. सर घरी येऊन अशी प्रत्येक चूक टाइप करून ठेवत. एका चुकीची एक फाइल. आत गणित, चुकलेले उत्तर, आणि मूल त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने गेले त्याची हकिगत. मुलाचे नाव आत कधीही लिहायचे नाही, असा नियम. उद्या कागद कुणाच्या हाती पडला तर पोराची शोभा नको. नाव असायचे ते फक्त फाइलीला, बाहेरून. कॉम्प्युटर येण्यापूर्वीच्या चुका वह्यांत होत्या. त्याही सरांनी दोन मोठ्या सुट्ट्या घालवून उतरवून काढल्या आणि वह्या रद्दीत दिल्या. आता त्या कशाला हव्यात, कॉम्प्युटर आहे ना. एकूण चुका सहाशे बारा.

नव्या बाईंनी पुढच्या शनिवारी दूरदूरच्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांचे शिबिर ठरवले होते आणि त्यात हे दप्तर त्यांना सगळ्यांपुढे उघडायचे होते. सरांना ही गोष्ट कानाला फार गोड लागली. माणूस निवृत्त झाल्यावर त्याचा सत्कार होतो, शाल मिळते, आणि मग त्याला कुणी काही विचारत नाही. हे मात्र विचारणे होते. बाई दप्तर न्यायला घरी आल्या, बटण दाबले, एकोणीस मिनिटे झाली, आणि पडदा उजळता उजळता मशीन थिजले. पुन्हा बटण, पुन्हा एकोणीस. बाईंची शाळेची वेळ झाली. जाताना त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या की सर, याला एसएसडी, म्हणजे नव्या जातीची डिस्क, बसवून घ्या, जुनं मशीन असलं तरी पळायला लागेल. मी शनिवारी सकाळी शिबिराला जाता जाता येईन.

त्या गेल्यावर सर बराच वेळ मशीनकडे पाहत बसले. मग आलेखावर त्या दिवसाच्या तारखेला त्यांनी 'अडतीस (अपूर्ण)' असे लिहिले.

मुलगा परगावी राहत असे. त्याला फोन केला तर त्याने नवा कॉम्प्युटर पाठवतो म्हटले. सरांनी नकार दिला. मुलगा म्हणाला, बरं, एसएसडी पाठवतो, पण कुणाकडून तरी बसवून घ्या. 'कुणाकडून तरी' हे दोन शब्द सरांच्या मनात चपलेतल्या खड्यासारखे रुतून बसले.

पार्सल आले, पण घरी आले नाही, पोस्टात अडकले. मुलाने पत्ता लिहिताना नावाच्या जागी नुसते 'सर' लिहिले होते. त्यात त्याची चूक नव्हती. आजवर त्या नावाने सगळे बिनबोभाट घरी पोहोचत आले होते. पण खिडकीतल्या नव्या कारकुनाने सरांचे ओळखपत्र उलटसुलट पाहून सांगितले की यावर 'सर' असे कुठेही नाही. सर म्हणाले, सगळं गाव मला सर म्हणतं. कारकून म्हणाला, मलाही लोक साहेब म्हणतात, म्हणून साहेबांचं पार्सल मी घेत नाही. युक्तिवादात खोट नव्हती, हे सरांना मान्य करावे लागले. मागच्या टेबलांवर कुणी जुना विद्यार्थी निघतो का हे त्यांनी मान उंचावून पाहिले. निघाला नाही. शेवटी 'सर म्हणजे मीच' अशा अर्थाचा अर्ज, त्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या, आणि सोबत शाळेचे पत्र एवढे झाल्यावर पार्सल हाती आले. ते इतके हलके होते की रिकामेच आहे असे वाटून सरांनी ते खिडकीसमोरच उघडले. आत पत्त्यांच्या कॅटएवढी एक काळी चपटी डबी. यासाठी दोन दिवस गेले होते. आज बुधवार.

अर्जावर एक सही वरच्या मजल्यावरच्या हवामानसाहेबांची होती. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले, आणि कोणतीही गोष्ट टक्क्यांत सांगत. सही करताना त्यांनी सांगितले की जुन्या मशीनला नवी डिस्क मानवण्याची शक्यता सत्तर टक्के, माहिती जाण्याची चाळीस टक्के. सरांनी सांगितले, हे एकशे दहा होतात. साहेब म्हणाले, दोन वेगळे अंदाज आहेत, बेरीज करायची नसते. मग दहा मिनिटे जिन्यात संभाव्यतेवर चर्चा झाली. आधी एक प्रत काढून ठेवा, हा त्यांचा एकच उपयोगी सल्ला त्या चर्चेत कुठेतरी वाहून गेला.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान होते. ते चालवणारी बाई सरांच्याच हाताखाली शिकलेली. गावात तिला दुरुस्तीवाली म्हणत. तिने डबी पाहिली आणि म्हणाली, "ठेवून जा सर, तासाभरात बसवते."

सर म्हणाले की ठेवून जायला ते आलेलेच नाहीत. काय करायचे ते समजावून दे, करीन मी.

तिने समजावले, आणि चांगले समजावले. सरांच्या मनात नकळत तिला दहापैकी नऊ गुण पडले. जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी फिरते, तिच्यावर एक दांडी इकडून तिकडे धावत हवी ती गोष्ट शोधते. एकच शिपाई आणि हजार कपाटं, असं समजा सर. मशीन सुरू होताना हजारो बारीकसारीक गोष्टी लागतात, आणि प्रत्येकीसाठी शिपाई पळतो. नवीन डिस्कमध्ये फिरणारं, पळणारं काहीच नाही. मागितलं की मिळालं. बाकीचं मशीन तेच राहू दे, नुसतं सुरू व्हायचं ते या डिस्कवरून झालं तरी म्हातारं उडी मारून उठतं.

"मग आत काही चाललंय हे कळतं कसं?" सरांनी विचारले.

"कळत नाही सर. गप्प असते."

सरांना हे जरा संशयास्पद वाटले. वर्गात जो कोपरा गप्प असतो तिकडे आधी बघावे, असा त्यांचा अनुभव होता.

तिने एक पेनड्राइव्ह दिला आणि कागदावर सहा पायऱ्या लिहून दिल्या. दोन्ही डिस्क मशीनला जोडायच्या, पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायचे, आणि त्यातला प्रोग्राम जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवतो. चौथ्या पायरीखाली तिने दोन रेघा मारल्या. इथं कुठून कुठं हे विचारेल, तेव्हा मला फोन करा. सर 'हो' म्हणाले. हे 'हो' मुलं 'समजलं का' या प्रश्नाला देतात त्या जातीचे होते.

गुरुवारी सकाळी सरांनी बैठकीच्या खोलीत चादर अंथरून मशीनचे झाकण उघडले. आत चौदा वर्षांची धूळ गादीसारखी बसली होती. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दारातून ती पाहिली आणि एवढी वर्षं मी बाहेरून फडकं मारत होते, असे म्हणून त्या जुना रंगाचा ब्रश घेऊन आल्या. नवी डिस्क जुन्या खाचेत बसेना. खाच मोठी, डिस्क लहान. सरांनी कंपासपेटीतली पट्टी मधे घालून ती रबराने बांधली. स्क्रू नऊ निघाले होते, बसवताना आठ लागले. नववा त्यांनी शर्टच्या खिशात ठेवला आणि याबद्दल कुणाला काही सांगितले नाही.

पायरी एक, दोन, तीन निर्विघ्न पार पडल्या. चौथ्या पायरीला पडद्यावर दोन ओळी उमटल्या. एक 'डिस्क ०', दुसरी 'डिस्क १'. पुढे कंपनीची इंग्रजी अक्षरे आणि आकडे, त्यांतून काही अर्थबोध होईना. दोन्हींचे माप सारखे. मुलाने मुद्दाम जुनीएवढीच पाठवली होती. मूळ डिस्क कोणती? लक्ष्य डिस्क कोणती?

सरांनी कागदावरच्या दोन रेघा पाहिल्या. फोन पाहिला. ज्या मुलीला आपण बेरीज शिकवली, तिला फोन करून शून्य कुठले नि एक कुठले हे विचारायचे? त्यांनी शांतपणे विचार केला, आणि चष्मा पुसून मूळ म्हणून 'एक' आणि लक्ष्य म्हणून 'शून्य' निवडले. मशीनने बजावले की लक्ष्य डिस्कवरची सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचे? सरांनी ते तीनदा वाचले. पुसली जाऊ दे की, नव्यात आहे काय पुसायला. त्यांनी 'होय' दाबले.

एक टक्का. दोन टक्के. टक्के वाढताना पाहण्यात काय सुख असते ते पेपर तपासणाऱ्यालाच कळेल. चार टक्क्यांना सर बाल्कनीत गेले, कारण वरच्या बाल्कनीत हवामानसाहेब उभे होते, आणि एखादे काम आपल्या हातून बिनचूक चालले असताना ते कुणालाच ठाऊक नसावे हे बरे नाही.

काकूंना इस्त्री करायची होती. जाड पिनेचे भोक बैठकीच्या खोलीत एकच, आणि त्यात मशीन. त्यांनी आतून दोनदा विचारले, काढू का? सर बाल्कनीतून साहेबांना शिपाई आणि हजार कपाटे समजावत होते. उत्तर आले नाही म्हणजे हरकत नाही, हा घरातला पस्तीस वर्षांचा प्रघात. काकूंनी प्लग काढला.

सर आत आले तेव्हा पडदा काळा होता आणि काकू उशीच्या अभ्र्यांना इस्त्री करत होत्या.

त्यानंतर जे झाले ते फार मोठ्या आवाजात झाले नाही, पण लांबले. सरांनी विचारले, किती टक्के झाले होते; काकूंनी नऊ वाचले होते. काकू म्हणाल्या, मग दहापासून पुढे करा. सरांनी सांगितले की ही विणकामाची सुई नव्हे, टाके उचलून पुढे विणायला. मग त्यांनी पेनड्राइव्ह काढून, निदान जुने मशीन तरी जागेवर आहे ना, हे पाहायला बटण दाबले. एकोणीस मिनिटे लागली नाहीत. चार सेकंदांत काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की सुरू करण्यासारखे येथे काहीही सापडले नाही.

सर खुर्चीत बसले. दप्तर त्यात होते. सहाशे बारा. वह्या कधीच्या रद्दीत गेलेल्या.

जेवणे उरकली. सरांनी मनातल्या मनात काकूंविरुद्ध पुरावा मुद्देसूद मांडून ठेवला होता, आणि चार वाजता पिशवीत दोन्ही डिस्का घालून ते दुरुस्तीवालीकडे निघाले, तेव्हा काकू चपला घालून आधीच दारात उभ्या होत्या.

"तू कशाला?"

"खटला माझ्यावर आहे ना? मग मी हजर नको?"

दुरुस्तीवालीने दोन्ही डिस्का तिच्या मशीनला लावल्या. बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मागून काकूंचे नाव न घेता सर प्लगचा इतिहास सांगत होते. तिने तो पुरा होऊ दिला.

"सर, चौथ्या पायरीला काय निवडलंत?"

"मूळ एक. लक्ष्य शून्य."

"ते कसं काढलंत, मला सांगा ना."

तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तरी सरांना आपण अर्ध्या बाकावर बसलो आहोत असे वाटले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "दोन डिस्का. एक भरलेली, एक रिकामी. रिकामीला शून्य म्हणणार, भरलेलीला एक. शून्य म्हणजे काही नाही."

 मग तिने स्टूल जवळ ओढले. "सर, मशीन मोजायला शून्यापासून सुरुवात करतं. पहिल्या जागेवरची ती शून्य, दुसऱ्या जागेवरची ती एक. तुमची जुनी डिस्क पहिल्या जागेवर होती. तुम्ही रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवत होतात."

काकूंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे मी प्लग काढला नसता तर?"

"तर काहीसुद्धा राहिलं नसतं, काकू. नऊ टक्क्यांवरच थांबलं म्हणून आशा आहे."

पस्तीस वर्षांच्या संसारात एवढी मोठी संधी बाईमाणसाला क्वचितच मिळते. काकू सरांकडे पाहत राहिल्या. सर दुकानातल्या माउसच्या खोक्यांकडे पाहत राहिले. शेवटी काकू इतकेच म्हणाल्या की चला, दोन अभ्रे राहिलेत. सर वाटेत एकदा थांबून 'बरं झालं' एवढे म्हणाले. ते कशाबद्दल हे त्यांनी सांगितले नाही, आणि काकूंनी विचारले नाही.

शुक्रवारी दुपारी दुरुस्तीवाली स्वतःच डिस्का घेऊन घरी आली. नवी डिस्क तिने मशीनमध्ये नीट बसवली. कंपासपेटीची पट्टी परत दिली. बटण दाबले. सरांनी सवयीने दाढीचे सामान घ्यायला पाठ फिरवली, आणि वळले तोवर पडदा उजळून स्थिर झाला होता. चौदा सेकंद. मशीनमधून आवाज नाही, कुरकुर नाही. सरांना आनंद झालाच, पण पाहुणा दार न वाजवता आत येऊन बसावा तसे थोडे अवघडल्यासारखेही झाले.

"फायली मिळाल्या सर," ती म्हणाली. "सहाशे चार. आठ गेल्या. पण एक गोष्ट गेलीच. फायलींची नावं."

पुस्तकाच्या पुढची अनुक्रमणिका फाटावी आणि आतली पाने तशीच राहावीत, तसे झाले होते. डिस्कच्या सुरुवातीच्या ज्या भागात नावांची यादी होती तोच पुसला गेला होता. आता प्रत्येक फाइलीला नुसता क्रमांक होता. चूक शिल्लक होती. ती कुणाची, हे गेले होते.

नव्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या की उत्तमच झालं, शिबिरात नावं दाखवायचीच नव्हती. पण सरांना ते पटेना. चूक म्हणजे काही रस्त्यात पडलेली वस्तू नव्हे. ती एका विशिष्ट पोराची असते. त्याचा उतावळेपणा, त्याचे भित्रेपण, त्याच्या घरचे त्या वर्षीचे दुखणे, सगळे तीत उतरलेले असते. नाव काढले तर उरते काय? हे दप्तर दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर नावांसकट, निदान आपल्याला ठाऊक असायला हवे, असे म्हणून ते शुक्रवारी तीन वाजता आठवणीतून नावे लावायला बसले. अक्षरे बारीक दिसत होती, म्हणून काकू पडद्यावरचे वाचून दाखवत आणि सर डोळे मिटून नाव सांगत.

सुरुवात झकास झाली. पाव आणि अर्धा, हा तो तोतरा बोलणारा, पुढे वकील झाला. त्रिकोणाला चार कोन, ही खिडकीपाशी बसणारी, बाहेर बघता बघता मोजायची. काकू वाचत, सर सांगत, आणि दोघे हसत. कालचा दिवस जणू झालाच नव्हता. पन्नासेक फायली झाल्या.

मग काकूंनी वाचले. "तीनशे पाच अंकांत लिहा. उत्तर, पस्तीस. मुलाचे म्हणणे, मधे काही नाही, म्हणून काही लिहिले नाही."

"हा तो पळपुटा. मधल्या सुट्टीची घाई असायची त्याला."

काही फायलींनंतर काकू थांबल्या. "हा तर मघाचाच आला."

"कोणता?"

"दोन हजार सात. उत्तर सत्तावीस. शून्य म्हणजे काही नाही, म्हणून गाळले."

"हा मघाचा नव्हे गं. ही ती दोन वेण्यांची. हुशार होती, पण धांदरट."

"मुलगी वेगळी असेल. चूक तीच आहे."

सरांनी डोळे उघडले. पुढे वाच म्हणाले. काकू वाचत गेल्या. सहाशे दोन भागिले दोन, उत्तर एकतीस. सरांना आठवले की या मुलाची आई त्या वर्षी आजारी होती. चारशे आठ, उत्तर अठ्ठेचाळीस, हा खोडकर. नऊशे तीन, उत्तर त्र्याण्णव. ही नव्यानेच दुसऱ्या शाळेतून आलेली. प्रत्येकाचे कारण सरांपाशी होते, आणि प्रत्येकाचे वेगळे होते. काकूंना त्यांतले कुणीच ठाऊक नव्हते. त्यांना फक्त पडद्यावरची ओळ दिसत होती, आणि ती ओळ दर वेळी एकच होती.

"तेवीस झाले," सगळे वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या. त्यांनी कॅलेंडरच्या मागे रेघा मारल्या होत्या. "एवढी तेवीस पोरं वेगवेगळ्या वर्षांत तेच कसं बोलली? कुणी तरी सांगितलं असेल त्यांना."

सरांनी ते कॅलेंडर हातात घेऊन रेघा पुन्हा मोजल्या.

दर वर्षी लहान मुलांच्या नव्या वर्गात, पहिल्याच आठवड्यात, सर एक गंमत करत. मूठ बंद करून वर धरायची. सगळा वर्ग टाचा उंचावून बघायचा. मग मूठ हळूहळू उघडायची. "काय आहे यात?" "काऽही नाही!" "यालाच म्हणतात शून्य." मुले टाळ्या वाजवत. एकतीस वर्षांत त्यांनी शिकवलेला हा सगळ्यात लाडका धडा होता. रस्त्यात भेटणारे, पोक्त झालेले विद्यार्थीसुद्धा मूठ उघडून दाखवत आणि हसत.

आणि काल त्या धड्यावर विसंबून सरांनी स्वतः 'होय' दाबले होते. फरक इतकाच की पोरांचे दोन गुण गेले होते.

आपण प्रत्येक पोराशेजारी बसलो, सरांना वाटले. प्रत्येकाला विचारले, कसे काढलेस. प्रत्येकाने खरे सांगितले. आणि आपण ते नीट टाइप करून, त्यावर त्याचे नाव घालून ठेवले. नावे होती तोवर तेवीस मुले दिसत होती. नावे गेली तेव्हा कुठे एकच माणूस दिसला.

काकूंनी चहा केला. मग विचारले की आता नावं घालायचीत ना? उद्या बाई येणार. सरांनी मान हलवली. बाकीच्यांना, आठवली तेवढी, त्यांनी नावे घातली. ते तेवीस क्रमांक मात्र वेगळे काढले आणि एकेकाला टाइप करून स्वतःचे, ओळखपत्रावरचे, पूर्ण नाव दिले. तेवीस वेळा. याला चौदा सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

शनिवारी सकाळी नव्या बाई आल्या त्या हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन. एकोणीस मिनिटे रिकामी जायला नकोत, असा त्यांचा हिशेब. गठ्ठा सोडायच्या आत मशीन सुरू झाले. त्या दप्तर चाळू लागल्या आणि त्या तेवीस नावांपाशी थांबल्या. एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली. सर खिडकीबाहेर पाहत होते. शिबिराच्या लोकांपुढे सरांचे काय होईल हे बाईंना स्वच्छ दिसत होते, आणि तरी फाइलींवरचे नाव बदलायला त्यांचा हात पुढे होत नव्हता.

बाईंनी वळून पाहिले. "सर," त्या सावकाश म्हणाल्या, "मीही मूठच उघडते. तुमचीच उचलली. सात वर्षं."

सर खिडकीकडून वळले.

"मग शून्य शिकवायचं कसं?" बाईंनी विचारले.

एकतीस वर्षांत सरांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तोंडावर नसणे असे झाले नव्हते. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. हे वाक्य उच्चारायला वाटले होते तितके जड गेले नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिले. समोर बाईंसाठी आणलेली बिस्किटे होती. सरांनी तीन बशा एका ओळीत मांडल्या. पहिलीत तीन बिस्किटे ठेवली, तिसरीत पाच. मधली तशीच राहू दिली.

"ही शेकड्यांची, ही दहांची, ही सुट्यांची," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "आता हे किती?"

बाई टेबलावर वाकून पाहू लागल्या. सरही वाकले. दोन डोकी तीन बशांवर इतकी गढून गेली होती की काकू चहा घेऊन आल्या ते कुणाला कळले नाही. ट्रे ठेवायला टेबलावर जागा नव्हती. काकूंनी एका हाताने ट्रे सावरला, दुसऱ्या हाताने मधली बशी उचलली, आणि उरलेल्या दोन बशा एकमेकींजवळ सरकवून ट्रे टेकवला.

सरांनी दोन बशांकडे पाहिले. तीन आणि पाच.

"अगं, ती ठेव तिथंच."

"रिकामी तर आहे," काकू म्हणाल्या.

"रिकामी आहे म्हणूनच ठेवायची."

बाईंनी पेपरांचा गठ्ठा टेबलावरून काढून मांडीवर घेतला, आणि बशीला मधे जागा करून दिली.